घर, नोकरी आणि पुन्हा कॉलेज: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करते. लग्नानंतर सुटलेलं शिक्षण ३७व्या वर्षी पुन्हा धरलं आणि ४१व्या वर्षी पदवी हातात आली. तेव्हापासून ओळखीतून ओळख निघत लोक विचारत राहतात. वडगावात मागावर काम करणारे, खानापूर तालुक्यातल्या अंगणवाडी ताई, निपाणीच्या बाजारातली माणसं, कुणाची सून, कुणाचा जावई. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून इथं एकत्र केले आहेत. जे दुसऱ्या उत्तरात आलं आहे ते पुन्हा लिहिलेलं नाही, तिथला आकडा दिला आहे.

१. माझं वय ४२. आता कॉलेजात घेतील काय?

घेतील. बी.ए., बी.कॉम., एम.ए. यांसारख्या साध्या पदव्यांना वरची वयोमर्यादा नाही आणि मुक्त विद्यापीठात तर वय आडवं येतच नाही. सरकारी नोकरीच्या भरतीत मात्र वय बघतात. म्हणून शिकायचं कशासाठी हे आधी ठरवा. आहे त्या नोकरीत बढती हवी आहे, खाजगीत जागा बदलायची आहे, का राहून गेलेली गोष्ट पुरी करायची आहे? तिन्ही कारणं चांगलीच. सरकारी भरतीचा विचार असेल तर तिथली वयाची अट वाचल्याशिवाय तीन वर्षं घालू नका.

२. नोकरी सोडता येत नाही. रेग्युलर कॉलेज करावं की मुक्त विद्यापीठ?

बेळगाव जिल्ह्यातली साधी डिग्री कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेली आहेत. तिथं नाव घातलं की ७५ टक्के हजेरी लागते आणि तास दिवसा असतात. नऊ ते सहा ड्युटी असणाऱ्याला ते जमत नाही. "हजेरीचं बघून घेऊ" असं कुणी म्हणालं तरी त्या भरवशावर फी भरू नका. हॉल तिकीट अडलं की सगळं वर्ष जातं.

ज्यांची कायमची सेकंड शिफ्ट आहे आणि कॉलेज सकाळचं आहे, त्यांना रेग्युलर जमू शकतं. पण शिफ्ट आठवड्याला बदलत असेल तर नको.

बाकी बहुतेकांसाठी दोन दारं आहेत. एक म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ, १९९६ सालचं. दुसरं दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ सालचं. दोन्हीकडे वर्षातून दोनदा, जुलै आणि जानेवारीच्या सत्रांसाठी प्रवेश असतो. तिसरं दार पूर्ण ऑनलाइन पदवीचं. ती मान्यताप्राप्त विद्यापीठाची असेल तर देशात कुठूनही करता येते. मात्र ऑनलाइनला स्वतःची शिस्त फार लागते. घरी एकच मोबाइल असून तो मुलांच्या हातात असेल तर छापील पुस्तकं देणारा कोर्स घ्या, असं मी सांगते.

३. दूरशिक्षणाची पदवी नोकरीला चालते काय? लोक म्हणतात तिला किंमत नाही.

चालते. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातली किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ साली पुन्हा स्पष्ट केलं आहे. त्या पदवीवर पुढे एम.ए. करता येतं, स्पर्धा परीक्षा देता येतात.

पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. मान्यता विद्यापीठाला एकदाच आणि कायमची मिळत नाही. ती त्या सत्राची आणि त्या कोर्सची बघायची असते. म्हैसूरच्याच मुक्त विद्यापीठाची मान्यता २०१२-१३ नंतर थांबली होती, ती २०१८-१९ पासून परत मिळाली. मधल्या वर्षांत प्रवेश घेतलेल्यांची किती ओढाताण झाली, ते आपल्या भागात पुष्कळांना आठवत असेल. आज ते विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे, तरी तुम्ही नाव घालता त्या सत्राच्या यादीत तुमचा कोर्स आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर बघाच.

दुसरी गोष्ट, इंजिनिअरिंग, डॉक्टरकी, नर्सिंग, फार्मसी, कायदा हे दूरशिक्षणातून करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली दूरशिक्षणातल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांविरुद्ध निकाल दिला. त्यामुळे "घरबसल्या बी.ई." अशी जाहिरात दिसली की ती तिथंच सोडा.

४. खरं विद्यापीठ आणि फसवणारं सेंटर, कसं ओळखायचं?

या प्रश्नाला मी जास्त वेळ देते, कारण मी स्वतः यात अडकले होते. पहिल्या प्रयत्नात शहरातल्या एका सेंटरमध्ये मी पैसे भरले. भिंतीवर मोठ्या माणसांचे फोटो, काचेच्या टेबलाखाली नमुन्याची पदवी. "ताई, पुस्तकं नका वाचू, आम्ही नोट्स देतो, एका वर्षात तिन्ही वर्षं काढू," असं तिथला माणूस म्हणाला. पावती मागितली तेव्हा वहीच्या कागदावर सही करून दिली. चार महिन्यांनी गेले तर शटर बंद. त्या पैशांत मुलाची वर्षाची वह्या-पुस्तकं झाली असती. घरी सांगायला मला आठ दिवस लागले.

तेव्हापासून मी चार गोष्टी सांगते. तीन वर्षांची पदवी एका वर्षात कुणीही देऊ शकत नाही. फी विद्यापीठाच्या खात्यात ऑनलाइन भरायची, माणसाच्या हातात नाही. २०२४-२५ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाआधी विद्यार्थ्यानं स्वतःचा डेब आयडी (आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा नोंदणी नंबर) काढावा लागतो आणि त्यासाठी आधी एबीसी आयडी (पास झालेल्या विषयांचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) लागतो. दोन्ही मोबाइलवर फुकट निघतात. "त्याची काय गरज नाही" असं कुणी म्हणालं तर उठून या. आणि परराज्यातल्या सरकारी विद्यापीठाचं "अभ्यासकेंद्र" बेळगावात आहे असं सांगितलं, तर सहावा प्रश्न वाचा.

५. माझी दहावी मराठी माध्यमातून झाली. पुढं सगळं कन्नड नाहीतर इंग्रजीत. कसं निभवायचं?

आपल्या भागात वयापेक्षा, पैशापेक्षा जास्त माणसं इथं अडतात. दहावीपर्यंत इतिहास-भूगोल मराठीतून, आणि पीयूसीला, म्हणजे इकडच्या अकरावी-बारावीला, गेलं की एकदम इंग्रजी किंवा कन्नड. कित्येकांचं शिक्षण सुटलं ते याच उंबऱ्यावर, आणि त्यांना वाटत राहिलं की आपल्यालाच डोकं नाही. डोक्याचा काही संबंध नाही. विषय कळत होता, शब्द परके होते.

भाषेचा वाद वेगळा आणि परीक्षेचं माध्यम वेगळं. आपली मराठी आपल्याजवळ राहते. परीक्षेपुरता एक निर्णय घ्यायचा आणि तो पहिल्याच दिवशी घ्यायचा. म्हैसूरच्या विद्यापीठात कन्नड किंवा इंग्रजी, इग्नूत बी.ए.ला हिंदी किंवा इंग्रजी असं माध्यम मिळतं. मराठी शाळेतल्या पुष्कळांना हिंदी माध्यम सोपं जातं. लिपी तीच, पारिभाषिक शब्द बरेचसे ओळखीचे. "इतिहास", "अर्थशास्त्र", "संविधान" नव्यानं शिकावे लागत नाहीत. पण ऑफिसात कन्नड बोलून दिवस काढणाऱ्यांना, किंवा ज्यांना पुढे कर्नाटक सरकारची परीक्षा द्यायची आहे त्यांना, कन्नड माध्यमच फायद्याचं. कन्नड बोलता येणं आणि दहा मार्कांचं उत्तर कन्नडमध्ये लिहिता येणं यात मात्र फरक आहे. जोडाक्षरं हातात बसायला महिना-दोन महिने रोज एक पान लिहावं लागतं.

मी काय केलं ते सांगते. दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखले: मराठी, इंग्रजी, कन्नड. मागणी, डिमांड, बेडिके. घसारा, डिप्रिसिएशन, सवकळि. विधिमंडळ, लेजिस्लेचर, शासकांग. रोज पाच शब्द. कन्नड शब्द आधी देवनागरीत लिहायचा, खाली कन्नड लिपीत. शेजारच्या कन्नड शाळेत जाणाऱ्या मुलीकडून तपासून घ्यायचा. पहिल्या सेमच्या शेवटी चारशेच्या आसपास शब्द झाले होते. पुस्तकाचं पान बघितलं की घाम फुटायचा तो थांबला. ती वही आता आमच्या कारखान्यातल्या तिसऱ्या माणसाकडे आहे, कडा पार मळल्या आहेत.

६. मला मराठीतूनच पदवी करायची आहे. नाशिकचं विद्यापीठ चालेल काय?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं, मान्यताप्राप्त, आणि पुस्तकं चांगल्या मराठीत. पदवी कर्नाटकातही चालते. अडचण एवढीच की राज्य विद्यापीठाला दूरशिक्षणाचं केंद्र आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाही. म्हणजे बेळगाव, खानापूर किंवा अथणीत "आमच्याकडे नाशिकचं केंद्र आहे" असं कुणी म्हणालं तर ते खोटं. सीमेपलीकडे, कागल, गडहिंग्लज, चंदगडच्या बाजूला केंद्र शोधायचं, तिथं पत्त्याबद्दल काय अटी आहेत ते आधी विचारायचं, आणि संपर्कसत्र असो की परीक्षा, तिकडंच जायची तयारी ठेवायची.

निपाणीकरांना यात एक सोय आहे. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज निपाणीला लागून, पण हद्द कागल तालुक्याची, आणि कॉलेज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं. रेग्युलर असल्यामुळे हजेरीचा मुद्दा राहतोच (प्रश्न २), पण मराठी वातावरण चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पूर्ण पदवी मराठीतून जमत नसेल तर मराठी हा विषय तरी घेता येतो. टिळकवाडीच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात मराठी शिकवतात आणि भूतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठी विभाग आहे. बी.ए. कुठल्याही माध्यमातून करून पुढे एम.ए. मराठी करणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत.

७. दहावी नापास आहे, किंवा बारावी झालेली नाही. थेट डिग्री करता येईल काय?

थेट डिग्रीच्या वाटेला जाऊ नका. बारावी नसताना घेतलेली पदवी पुढे नोकरीत आणि विशेषतः कायद्याच्या प्रवेशात अडते (प्रश्न १४). आधी दहावी-बारावी पुरी करा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, यासाठीच आहे. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. एकदा नाव घातलं की पाच वर्षं आणि नऊ संधी मिळतात, विषय एकेक करून काढता येतात. पूर्वी पास झालेल्या विषयांपैकी दोनांपर्यंत मार्क्स काही अटींवर पुढे धरून घेतात, म्हणून जुनं मार्क्स कार्ड फाटकं असलं तरी टाकू नका. कर्नाटक बोर्डाची दहावी खाजगी विद्यार्थी म्हणूनही देता येते. त्यासाठी गावच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेटा.

८. २००४ साली बी.कॉम.चं दुसरं वर्ष करून सोडलं. तिथूनच पुढं जाता येईल काय?

बहुतेक वेळा नाही. पदवी पुरी करायला विद्यापीठ ठरावीकच वर्षं देतं, आणि वीस वर्षांत अभ्यासक्रम कित्येकदा बदलला. कर्नाटकात २०२१-२२ ला चार वर्षांचा आराखडा आला आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची डिग्री झाली. तुमचा जुना अभ्यासक्रम आता कुठं शिकवतच नाहीत. मलाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. वाईट वाटलं, पण पहिल्या वर्षाचा अभ्यास हलका गेला.

तरी जुने कागद मिळवा. आणि इथं एक घोळ कायम होतो: राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं. त्याआधी बेळगावची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची होती. म्हणून २००४ चं मार्क्स कार्ड भूतरामनहट्टीला मिळणार नाही, धारवाडला मिळेल. मी आधी भूतरामनहट्टीला जाऊन रिकामी परत आले, मग दुसरी रजा काढून धारवाडला गेले. जाताना कॉलेजचं नाव, वर्ष आणि रजिस्टर नंबर हवा. नंबर आठवत नसेल तर आधी जुन्या कॉलेजच्या ऑफिसात जा, तिथं रजिस्टरमध्ये सापडतो.

ज्यांनी अलीकडे सोडलं आहे आणि ज्यांचे क्रेडिट एबीसी खात्यात जमा आहेत, त्यांना मात्र ते पुढे वापरता येऊ शकतात. साधारण सात वर्षांपर्यंत ते टिकतात. घ्यायचे की नाही हे नवं विद्यापीठ ठरवतं, म्हणून फी भरण्याआधी लेखी विचारा.

९. मार्क्स कार्डवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. गावाचं नावही वेगळं. काय करायचं?

दहावीच्या मार्क्स कार्डवर जे नाव आहे तेच शिक्षणात शेवटपर्यंत चालवा. अडचण येते ती एबीसी आणि डेब आयडी आधारवरून निघतात म्हणून. नावं जुळत नसतील तर लग्नाचा नोंदणी दाखला आणि नोटरीचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. लग्न नोंदवलेलं नसेल तर ते आधी करून घ्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नांत हे फार सापडतं. आपल्याकडे आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं अक्षर, याचाही गोंधळ असतो. अर्जात मार्क्स कार्ड समोर ठेवून अक्षर-अक्षर बघून लिहा.

जुन्या कागदांवर "बेल्गाम" आणि नव्यांवर "बेळगावी" असलं तर घाबरायचं कारण नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बदललं, हे सगळ्या ऑफिसांना माहीत आहे. बारावी महाराष्ट्र बोर्डाची असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. ते सगळ्यात उशिरा मिळतं, म्हणून सगळ्यात आधी मागा.

१०. खर्च कसा भागवायचा? शिष्यवृत्ती मिळते काय?

मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ची फी खाजगी कॉलेजपेक्षा पुष्कळ कमी असते आणि वर्षाला भरायची असते. ज्या ताईंना कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये येतात, त्यांच्यापैकी काहीजणी त्यातूनच वेगळी रक्कम ठेवतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. रेग्युलर कॉलेजात असाल तर कर्नाटकाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करता येतो. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे जवळच्या महसुली ऑफिसातून, काढावा लागतो (मराठा समाज इथं मागासवर्गाच्या ३बी प्रवर्गात येतो). उत्पन्नात नवरा-बायको दोघांची कमाई धरतात, त्यामुळे नोकरदारांचं बरेचदा मर्यादेबाहेर जातं. त्यावर हिशेब बांधू नका.

जुन्या करप्रणालीत असाल तर स्वतःसाठी घेतलेल्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. मुलांच्या फीवर जी वजावट मिळते ती स्वतःच्या फीवर मिळत नाही.

जाण्यायेण्याचा खर्च: जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. खानापूर, चिकोडी, निपाणीहून बेळगावला परीक्षेला येणाऱ्यांचा तेवढा भार उतरला. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा.

११. घरी कसं सांगू? सासूबाई म्हणतात, "आता या वयात कशाला?"

सासूबाईंचा प्रश्न बहुतेक वेळा शिक्षणाबद्दल नसतो, भाकरी कोण करणार याबद्दल असतो. म्हणून "मला शिकायचं आहे" एवढंच बोलून थांबू नका. कुठल्या वेळी घरात तुमचा हात नसेल ते सांगा. मी सांगितलं होतं: रात्री साडेनऊ ते अकरा मी टेबलावर, आणि वर्षातून दोन वेळा परीक्षेचे पंधरा दिवस. बाकी सगळं आहे तसं. दीड तासाला हो म्हणणं सोपं जातं. "शिक्षण" या मोठ्या शब्दाला हो म्हणणं अवघड जातं.

आमचं जेवणाचं टेबल म्हणजे शिवणयंत्राचं जुनं टेबल, पाय काढून टाकलेलं. जेवणं झाली की मी ते पुसायची, तेलाची बाटली आणि लोणच्याची बरणी कट्ट्यावर सरकवायची आणि वही उघडायची. पहिले पंधरा दिवस दर दहा मिनिटांनी हाक यायची. मग धाकट्यानं आपलं दप्तर आणून समोर बसायला सुरुवात केली. दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी स्वतःहून रात्रीचं दूध तापवायचं काम घेतलं. काही बोलल्या नाहीत. एके रात्री बघते तर पातेलं झाकून ठेवलेलं.

पुरुषमंडळीही विचारतात. त्यांना एक सांगते: तुम्ही अभ्यासाला बसता तेव्हा तुमच्या वाट्याचं घरातलं काम वैनींवर पडतं. ते आधी त्यांच्याशी बोलून घ्या आणि परीक्षा झाल्यावर परत उचला.

१२. मालकांना सांगावं काय? परीक्षेला रजा मिळेल काय?

सांगा, आणि परीक्षा तोंडावर आल्यावर नको, नाव घालतानाच सांगा. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात. जूनला मुलांच्या शाळा उघडतात आणि खानापूर भागात भाताची पेरणी असते. डिसेंबरला चिकोडी, अथणीकडे उसाचा हंगाम भरात असतो. ज्यांचं घर शेतीवर आहे त्यांनी त्या सत्रात पेपर कमी लावावेत. सगळे पेपर एकाच वेळी द्यावे लागत नाहीत. वार्षिक रजेतले आठ दिवस परीक्षेसाठी बाजूला ठेवले की गणपतीत रजा मागायला तोंड उरत नाही, हे खरं आहे. ते घरीही आधी सांगून ठेवा.

सरकारी आणि अनुदानित संस्थेतल्या कर्मचाऱ्यांनी आधी लेखी परवानगी घ्यावी. नाहीतर पदवी मिळाल्यावर सेवापुस्तकात नोंद करायला त्रास होतो.

१३. आयटीआय करून उद्यमबागेत दहा वर्षं लेथवर आहे. इंजिनिअरिंग करता येईल काय?

येईल, पण टप्प्यानं. आयटीआयवरून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमावरून बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, २०२३-२४ पासून वेगळ्या वर्गांना मान्यता द्यायला सुरुवात केली. त्यांची वेळ संध्याकाळची किंवा सोयीची ठेवता येते. निदान एक वर्षाचा अनुभव आणि कॉलेजपासून ठरावीक अंतरात नोकरी, अशा अटी असतात. सगळ्या कॉलेजांनी हे वर्ग घेतलेले नाहीत. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात आहे, त्याला जोडलेल्या कॉलेजांत जाऊन समोरासमोर विचारा. मालकाचं अनुभवाचं पत्र आणि पगाराची स्लिप लागते. रोखीत पगार घेत असाल तर आजपासून बँकेतून घ्या.

१४. वकिली करायची आहे. नोकरी सांभाळून जमेल काय?

अवघड आहे, आणि मी ते लपवत नाही. बेळगावात राजा लखमगौडा कायदा महाविद्यालय १९३९ पासून आहे. पण कायदा रेग्युलरच करावा लागतो आणि बार कौन्सिलच्या नियमानं ७० टक्के हजेरी हवी. तीन वर्षांच्या कोर्सला पदवीत सर्वसाधारण गटाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ४० टक्के लागतात. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, फक्त त्याआधी दहावी आणि बारावी रीतसर झालेली असली पाहिजे. बारावी न करता थेट पदवी घेतलेल्यांना इथंच नकार मिळतो.

१५. बी.एड. घरबसल्या होतं काय?

नवशिक्यांना नाही, त्यांना ते रेग्युलरच करावं लागतं. दूरशिक्षणातलं बी.एड. मुख्यतः डी.एड. होऊन शाळेत शिकवत असलेल्या शिक्षकांसाठी आहे.

१६. सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात सवलत असते म्हणतात. ती मोठ्या माणसांना मिळते काय?

महाराष्ट्र शासन ज्या ८६५ गावांवर दावा सांगतं, तिथल्या मराठी भाषकांना महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळ्या गटातून अर्ज करता येतो. रहिवासाचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. दोन्हींचे नमुने त्या वर्षीच्या माहितीपुस्तकात छापलेले असतात, तसेच्या तसे भरून घ्या. तुमचं गाव यादीत आहे का ते आधी बघा, तालुका आहे म्हणून गाव असेलच असं नाही. मोठं कुटुंब असलेल्या माणसाला खरी अडचण येते ती राहण्याची. बेळगाव ते कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे, रोज जाऊन येऊन चार वर्षं निघत नाहीत. निपाणीहून मात्र काहीजण करतात.

१७. एक डिग्री चालू असताना दुसरी करता येते काय?

येते. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ साली ती मुभा दिली. दोन रेग्युलर असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक रेग्युलर आणि एक दूरशिक्षणाची, किंवा दोन्ही दूरशिक्षणाच्या, असंही चालतं. पीएच.डी.ला हे लागू नाही. पण घर आणि नोकरी असलेल्या माणसानं एका वेळी एकच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

१८. मध्येच बाळंतपण आलं, आजारपण आलं, पेपर राहिले. नाव कटतं काय?

मुक्त विद्यापीठात लगेच कटत नाही. इग्नूची तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. पेपर राहिला तर पुढच्या सत्रात परीक्षेची फी भरून पुन्हा देता येतो. पुढच्या वर्षाची नोंदणी मात्र वेळेवर करत राहा, त्या वर्षी एकही पेपर देणार नसलात तरी. लिहून दिलेल्या असाइनमेंटची पोच जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालतो. रेग्युलर कॉलेजात असाल आणि हजेरी कमी पडणार हे दिसत असेल, तर डॉक्टरचा दाखला घेऊन परीक्षेचे अर्ज सुटण्याआधी प्राचार्यांना भेटा. माझे स्वतःचे तिसऱ्या वर्षाचे दोन पेपर सासऱ्यांच्या ऑपरेशनमुळे राहिले. सहा महिन्यांनी दिले. दवाखान्याच्या बाकावर जे धडे वाचले होते, त्यातलाच एक प्रश्न पेपरात आला.